गुण येईपर्यंत

ताईचं पार्लर म्हणजे तिच्या घराची पुढची खोली. एक वरखाली होणारी खुर्ची, समोर भिंतभर आरसा, कोपऱ्यात केस धुवायचं बेसिन आणि दारावर जाड पडदा. पडद्याच्या आत बायकांचं राज्य. नवरा टपालाच्या गाडीवर ड्रायव्हर होता. तो कामावरून आला की मागच्या दारानं घरात शिरायचा आणि पुढच्या खोलीत गिऱ्हाईक असेपर्यंत खोकायचासुद्धा नाही. मूलबाळ नव्हतं. ते का नाही, हे विचारायची गल्लीत कुणाची हिंमत नव्हती, कारण विचारणारीच्या आयब्रो शेवटी ताईच्याच हातात असायच्या.

गल्लीतल्या सगळ्याच तिला ताई म्हणत, तिच्याहून वयानं मोठ्या बायकासुद्धा. पण सख्खी धाकटी बहीण एकच. तिला घरात बारकी म्हणत. दोघींच्या वयात चांगलं बारातेरा वर्षांचं अंतर. वडील लवकर गेले, आई लाँड्रीत दिवसभर इस्त्रीला उभी राहायची, त्यामुळे बारकीला न्हाऊमाखू घालणं, तिच्या वेण्या घालणं, तिला शाळेत पोचवणं, सगळं ताईनंच केलं. बारकीची पाळी पहिल्यांदा आली तेव्हाही ती भेदरून आईकडे गेली नाही. शाळेचं दप्तर मागे धरून ताईसमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, मी काही केलेलं नाही."

पाळी तिची पहिल्यापासूनच लहरी. दोन महिने, चार महिने पत्ता नाही आणि मग आली की थांबायचं नाव नाही. "बारकीची पाळी म्हणजे आपला मामा," ताई म्हणायची. "यायचा नेम नाही, आणि आला की मुक्काम हलवत नाही." आईला भावाचा हा उद्धार आवडायचा नाही, पण हसू तिलाही यायचं. विशीत एकदा आईनं तिला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, लग्न झालंय का? नाही म्हटल्यावर म्हणाले, झालं की होईल सुरळीत. गोळ्या लिहून दिल्या. त्या गोळ्यांनी बारकीला उलट्या झाल्या, तोंड सुजलं. तिनं त्या मधेच सोडल्या आणि पुन्हा दवाखान्याची पायरी चढली नाही.

लग्न काही जमलं नाही. पुढेपुढे तिनंच ते मनावर घेणं सोडलं. चष्म्याच्या एका दुकानात मागच्या खोलीत तिला काम मिळालं होतं. यंत्रावर काचा घासून फ्रेमच्या मापात बसवायच्या. बारीक काम, पांढरा कोट, डोक्यावर दिवा आणि बोलायला कुणी नाही. तिला ते फार आवडायचं. म्हणायची, "दुकानात माणूस आंधळ्यासारखा हात लावत येतो आणि जाताना पायऱ्या पटापट उतरून जातो. बघायला मजा येते."

पावडरीशी ताईची गाठ पडली ती तिच्या स्वतःच्या दुखण्यातून. चाळिशी उलटल्यावर तिचं पोटातलं मूल गेलं, आणि त्यानंतर तिच्या पाळीचं गणितच बिघडलं. एका गिऱ्हाइकानं डबा आणून दिला. करड्या रंगाची, मातीसारखी लागणारी पावडर. सकाळी पाण्यात ढवळून प्यायची आणि वर कॅप्सूल घ्यायच्या. डब्यावर एका हसऱ्या बाईचं चित्र, आणि खाली बारीक अक्षरांत जीवनसत्त्वांची भलीमोठी वंशावळ. ताईनं नाक दाबून काही महिने ती घेतली, आणि पाळी सुरळीत झाली. पावडरीनं झाली की आपसूक झाली, हे आज कुणालाच सांगता येणार नाही. ताईला मात्र तेव्हा तिळमात्र शंका नव्हती. तिनं कंपनीत नाव घातलं आणि डबे आणून आरशाखालच्या कपाटात रचून ठेवले.

विकायला तिला फार बोलावं लागायचं नाही. आयब्रो करून घेणारी बाई मान मागे टाकून, डोळे मिटून, स्वतःच्याच बोटांनी कपाळाची कातडी ताणून बसलेली असते. तिला उठून जाता येत नाही. ताई तिच्या हनुवटीवरून हलकेच बोट फिरवायची. "हे केस हल्लीच यायला लागले का गं? पाळी वेळेवर आहे ना?" बस्स. पुढचं ती बाई स्वतःच सांगायची. नवऱ्याला न सांगितलेलं, आईला न सांगितलेलं, सगळं मिटल्या डोळ्यांनी छताला सांगायची. ताई कधी खोटं बोलली नाही. तिला जे खरं वाटत होतं तेच ती सांगत होती, म्हणूनच ते पटायचं.

कंपनीची बैठक एका हॉलमध्ये भरायची. तिथे एक मॅडम यायच्या. उंच, नीटनेटक्या, बोलणं असं की समोरच्याला आपण शहाणे आहोत असं वाटावं. त्या सांगायच्या, "गुण आला नाही असं कुणी म्हणालं तर वाद घालायचा नाही. विचारायचं, किती महिने घेतलंत? ती तीन म्हणाली तर म्हणायचं, सहा तरी घ्यावी लागते. सहा म्हणाली तर म्हणायचं, मुरलेलं दुखणं आहे, वर्ष लागेल. धीर धरायला लावायचं. आपल्याकडच्या निम्म्या बायका गुण यायच्या आधीच सोडतात." ताईला ते पटलं. तिनंही धीर धरला होताच की.

बारकीला पावडर सुरू केली ती अर्थातच पहिल्याच खेपेला. आणि गंमत म्हणजे गुण आला. तीनचार महिने पाळी अशी आली की घड्याळ लावून घ्यावं. बारकी हरखून गेली. ताई तर आकाशातच होती. पुढच्या बैठकीला ती बारकीला हट्टानं घेऊन गेली. मॅडमनी तिच्या हातात माईक दिला. बारकी लालेलाल झाली, माईककडे बघत राहिली आणि एवढंच म्हणाली, "मला बरं वाटतंय. माझ्या ताईमुळे." टाळ्या पडल्या. परत येताना दोघी बहिणी हातात हात घालून चालत आल्या, बारकी शाळेत असताना यायच्या तशा.

पुढच्या वर्षी पुन्हा बिनसलं. आधी दोन पाळ्यांच्या मध्ये थोडंथोडं अंगावरून जायला लागलं. मग ते थांबेना. काही आठवडे नुसते डाग, मग एखाद्या दिवशी असा लोट की बारकी दुकानातल्या खुर्चीवरून उठायला घाबरायची. काळ्या पँटशिवाय दुसरं काही घालेनाशी झाली. काचांच्या खणात तिनं कपड्यांचा एक जोड ठेवून दिला. एका रविवारी ताई तिचे केस धूत होती, तेव्हा बेसिनमध्ये मान टाकल्याटाकल्या तिनं हे सगळं सांगितलं. ताईचे हात क्षणभर थांबले. मग तिनं तिथूनच मॅडमना फोन लावला.

"हे चांगलं लक्षण आहे," मॅडम म्हणाल्या. "इतक्या वर्षांचं साचलेलं शरीर बाहेर टाकतंय. अडवायचं नाही. अशक्तपणा येऊ नये म्हणून फक्त आपल्या लोहाच्या कॅप्सूल जोडून द्या."

ताईनं त्या दिल्या. दोन महिन्यांत बारकीच्या ओठांवर रंग आला. जिना चढताना लागणारी धाप कमी झाली. रक्त जातच होतं, पण माणूस उभं होतं. "बघ," ताई आईला म्हणाली, "नुसती पावडर पुरत नव्हती. आता लागू पडलं." आई इस्त्री करून करून पाठीत वाकलेली. तिनं दोघींकडे आळीपाळीनं बघितलं आणि म्हणाली, "तुम्हा पोरींना जास्त कळतं."

असं वर्ष गेलं. बारकी कधी तक्रार करायची नाही. एकदाच, काहीतरी शिवता शिवता तिनं विचारलं, "ताई, एकदा डॉक्टरला दाखवून येऊ का?"

"जा की," ताई म्हणाली. "पण तो काय करणार? पुन्हा त्याच गोळ्या देणार. पुन्हा तोंड सुजवून बसशील. आता कुठे गुण यायला लागलाय, थोडा धीर धर."

बारकीनं दोरा दातानं तोडला. "बरं," म्हणाली. विषय संपला.

त्याच सुमारास पार्लरमध्ये एक सिस्टर यायची, सरकारी दवाखान्यात काम करणारी. तिला पावडर द्यावी म्हणून ताईनं नेहमीप्रमाणे बहिणीची गोष्ट सांगायला घेतली. सिस्टरनं डोळे उघडले. "म्हणजे वर्षभर जातंय? अजून थांबलेलं नाही?"

"साचलेलं निघतंय."

"ताई, पिशवीत साचून साचून किती साचेल? तिला आणा एकदा. सोनोग्राफी करून घेऊ. मी स्वतः उभी राहते."

ताईला राग आला. आपल्याच खुर्चीत बसून, आपल्याच हातानं आयब्रो करून घेऊन ही आपल्याला शिकवतेय असं तिला वाटलं. दोरा जरा जास्तच ओढला गेला आणि सिस्टरच्या डाव्या भुवईला खाच पडली. सिस्टर गेली ती पुन्हा आली नाही. तिचा निरोप ताईनं बारकीला सांगितला नाही. मुद्दाम लपवला असं नाही. संध्याकाळी बारकी आली तेव्हा छान हसतबोलत होती, तिला उगाच कशाला घाबरवायचं, असं तिच्या मनात आलं. दुसऱ्या दिवशी राहून गेलं. तिसऱ्या दिवशी सांगायला लाज वाटली. मग ते तसंच पोटात राहिलं.

बारकी पडली ती दुकानात. काच यंत्राला लावली होती, ती हातातून सुटली आणि पाठोपाठ ही. मालक म्हातारा होता. त्यानं तिला आपल्या गाडीत घालून इस्पितळात नेलं आणि ताईला फोन केला. ताई पोचली तेव्हा तो दाराशीच उभा होता, दोन्ही हात पुढे धरून, जणू ते कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. त्याच्या शर्टाच्या बाह्या रक्तानं भिजल्या होत्या. "मला वाटलं काच लागली," तो म्हणाला. "मी काचच शोधत होतो."

रक्त चढवलं. सोनोग्राफी झाली. पिशवीतला तुकडा काढून तपासायला पाठवला. तो अहवाल येईपर्यंत ताई कॉरिडॉरमधल्या बाकावर बसून राहिली. पार्लर बंद. तिला खात्री होती की गाठबीठ असेल, काढून टाकतील. कितीतरी बायकांना असते.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी ताईला आणि आईला आपल्या खोलीत बसवलं, दार लावून घेतलं आणि न चाचरता सांगितलं. पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर. पिशवीच्या बाहेर पडलेला. आई त्यांच्या तोंडाकडे बघत होती, तिला ऐकू आलं की नाही हेच कळेना.

"तिचं लग्नसुद्धा झालं नाही," आई शेवटी म्हणाली, जणू त्यामुळे हे होता कामा नये.

"त्याचा काही संबंध नाही हो आई," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पाळी महिनोन्महिने येत नाही तेव्हा आतलं अस्तर जाड होत राहतं. ते वेळच्या वेळी पडून जायला हवं. वर्षानुवर्षं तसं राहिलं की कधीकधी त्यात बिघाड होतो. सगळ्यांना होत नाही. हिला झाला."

ताईनं कापडी पिशवीतून डबे काढून टेबलावर ठेवले. घरून निघताना ती ते घेऊनच आली होती. का, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. "हे देत होते मी तिला. यानं झालं का?"

डॉक्टरीणबाईंनी एकेक डबा उचलून मागचं बारीक अक्षर शेवटपर्यंत वाचलं. ताईनं स्वतः ते कधी शेवटपर्यंत वाचलं नव्हतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "यात विषारी असं काही दिसत नाही. यातल्या एकदोन गोष्टी काही बायकांना उपयोगी पडतातही. यानं कॅन्सर झालेला नाही."

ताईचा श्वास सुटला. पण त्यांचा हात लोहाच्या कॅप्सूलच्या बाटलीवर तसाच होता.

"या कॅप्सूल ती किती दिवस घेत होती?"

"वर्ष झालं असेल."

त्यांनी मान हलवली. "इतकं रक्त जाऊनही ती कामाला कशी जात होती, हे मला कळत नव्हतं. या कॅप्सूल नसत्या तर ती तेव्हाच पडली असती. तेव्हाच इथे आली असती." बोलून गेल्यावर त्यांना ते बोलायला नको होतं असं वाटलं असावं. त्यांनी बाटली पुन्हा डब्यांशेजारी ठेवली आणि म्हणाल्या, "तुम्ही तिच्या चांगल्यासाठीच केलंत."

ते शेवटचं वाक्य ताईला ऐकूच आलं नाही.

पिशवी काढली. काढता येईल तेवढं काढलं. मग केमो सुरू झाली. इस्पितळात असेपर्यंत बारकी ताईशी बोलली नाही. भांडण नाही, शब्द नाही. पाणी हवं असेल तर आईला म्हणायची, "आई, पाणी दे." ताई पाण्याच्या शेजारी उभी असली तरी. उशी नीट करायला ताईनं हात पुढे केला की ती डोळे मिटून घ्यायची. ताई मग पायथ्याशी जाऊन चादरीच्या घड्या सारख्या करत बसायची. तिला वाटायचं, हिनं एकदा तोंडावर शिव्या द्याव्यात. पण बारकीला शिव्या देणं कधी जमलंच नव्हतं.

घरी आणलं ते ताईच्याच घरी, कारण आईच्या खोलीला तीन मजले चढायला लागत. नवऱ्यानं न सांगता आपला पलंग मागच्या व्हरांड्यात टाकला आणि आतली खोली मोकळी करून दिली. गाडीवरून येताना तो रोज काहीतरी मऊ खायला आणायचा आणि ते टेबलावर ठेवून निघून जायचा. एवढीच त्याची भाषा होती.

दुसऱ्या केमोनंतर केस जायला लागले. उशीवर, ताटात, न्हाणीत, जिथे तिथे पुंजके. एका दुपारी बारकी स्वतःच भिंतीला धरत धरत पुढच्या खोलीत आली, खुर्चीत बसली आणि आरशातून ताईकडे बघून म्हणाली, "काढून टाक सगळे."

ताईनं पडदा ओढून घेतला. मशीन चालवायच्या आधी तिनं कात्रीनं लांब लांब केस कापले. शाळेत जाताना ज्यांच्या वेण्या घातल्या होत्या तेच केस. अर्धं डोकं झालं तेव्हा तिच्या तोंडून आपोआप निघालं, "मला एका सिस्टरनं सांगितलं होतं. वर्षभर जातंय म्हटल्यावर घेऊन ये म्हणाली होती. मी तुला सांगितलं नाही."

मशीन चालूच होतं. बारकी आरशात बघत होती, स्वतःच्या अर्ध्या डोक्याकडे.

"कधी?"

"उन्हाळ्यात."

बारकीनं मांडीवर पडलेली केसांची एक बट उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "मशीन बंद कर. कानाशी गुरगुरतंय." ताईनं बंद केलं.

"सांगितलं असतंस तर मी गेले असते का, ते मला ठाऊक नाही," बारकी म्हणाली. "मी मनातून घाबरले होते. तू धीर धर म्हणालीस की मला सुटल्यासारखं वाटायचं. म्हणून तर तुलाच विचारायचे. दुसऱ्या कुणाला विचारलं असतं तर ते जा म्हणाले असते." ती थांबली. "पण तू सांगायला हवं होतंस, ताई."

"हो."

"सांगायला हवंच होतंस."

"हो गं."

"आता पुढचं कर. अशी बसले तर आईला झटका येईल."

ताईनं मशीन पुन्हा चालू केलं. डोकं पूर्ण झाल्यावर तिनं ते कोमट पाण्यानं पुसलं आणि मऊ तेल लावलं. बारकीनं डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "लहानपणीचा माझा फोटो आहे बघ, असाच. तेव्हा निदान गाल होते." त्या दिवसापासून ती ताईच्या हातचं पाणी प्यायला लागली. सगळं पूर्वीसारखं झालं असं मात्र नाही. कधीकधी ताई खोलीत शिरली की ती भिंतीकडे तोंड करायची, आणि मग ताईनं बाहेर जायचं, हे दोघींनाही न बोलता कळायचं.

मॅडम भेटायला आल्या त्या हिवाळ्यात. फळांची टोपली घेऊन. आत जाऊन बारकीला बघून आल्या आणि पार्लरच्या खुर्चीत बसून राहिल्या. ताईनं मनात पुष्कळ जुळवून ठेवलं होतं, काय काय बोलायचं ते. साचलेलं बाहेर पडतंय म्हणालात, चांगलं लक्षण म्हणालात. सगळं. पण तिनं तोंड उघडायच्या आधीच मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "तिला सुरुवातीला नेमकं कसं व्हायचं हो?"

ताईनं त्यांच्याकडे बघितलं. पावडरचा थर लावलेला चेहरा, त्याखाली पिवळट रंग.

"तुम्हालाही जातंय?"

"मधूनमधून. माझी तर पाळी बंद होऊन दोन वर्षं झाली होती. मला वाटलं पावडरीनं पुन्हा सुरू झाली. मी हॉलमध्ये तसं सांगितलंही."

जुळवून ठेवलेलं सगळं ताईनं बाजूला ठेवलं. "उद्याच्या उद्या जा," ती म्हणाली. "मी येऊ का बरोबर?"

"नको नको. जाईन मी." मॅडम उठल्या, साडीचा पदर सारखा केला. पडद्याशी थांबून म्हणाल्या, "हॉलमध्ये कुणाला बोलू नका." त्या गेल्या की नाही हे ताईला कधी कळलं नाही. पुढच्या वर्षी बैठका दुसरीच कुणी घेत होती असं तिनं ऐकलं.

बारकी उन्हाळ्यापर्यंत होती. आजार फुफ्फुसात गेला होता. शेवटी शेवटी तिला बोलायला दम पुरायचा नाही, तेव्हा ती बोटांनी खुणा करायची. चष्म्याच्या दुकानाचा म्हातारा मालक अधूनमधून येऊन बसायचा आणि दुकानातल्या गमती सांगायचा, कुणी दुसऱ्याचाच चष्मा घालून कसा घरी गेला वगैरे. त्याला हसून दाखवायला ती आपला उरलासुरला श्वास खर्च करायची. एका सकाळी आई तिचं तोंड पुसायला गेली आणि ओलं फडकं हातात धरून तशीच बाहेर आली. तिच्याकडे बघूनच ताईला कळलं.

कपाटात डबे उरले होते. ते परत द्यावेत तर कुणाच्या तरी हाती जाणार. कचऱ्यात टाकावेत तर कुणीतरी उचलणार. ताईनं एकेक डबा फोडून बेसिनमध्ये ओतला आणि वरून नळ सोडला. पावडर पाण्यानं फुगली. बेसिन तुंबलं, मग न्हाणी तुंबली, मग मागच्या मोरीतून करडा लगदा वर यायला लागला. नवरा कामावरून आला. शर्ट काढला, तार घेतली आणि मोरीशी उकिडवा बसून ते ओढून काढत राहिला. ताई बादली धरून उभी होती. दोनदा तो थांबला, मनगटानं कपाळ पुसलं, आणि पुन्हा तार आत घातली. सगळं निघायला संध्याकाळ झाली.

पार्लर तिनं पुन्हा उघडलं. घरात बसून करणार काय? हनुवटीवरचे केस तिला अजून दिसायचे, आणि विचारल्याशिवाय राहवायचं नाही. फक्त आता ती म्हणायची, आधी डॉक्टरला दाखव. बायकांना ते आवडायचं नाही. डोळे मिटून मनातलं सांगायचं, ते कुणीतरी "होईल बरं" म्हणावं म्हणून. एक जण तर उठूनच बसली. "ताई, तुम्ही आयब्रो करा ना नुसत्या. बहिणीचं झालं म्हणून सगळ्यांचं तसंच होतं का?" गिऱ्हाईक कमी झालं. दोन गल्ल्या सोडून नवं पार्लर निघालं होतं, तिथे डबे मिळायचे. दोघीतिघी मात्र जाऊन तपासून आल्या. एकीला नुसता थायरॉइड निघाला, गोळीवर बरी झाली. ती ताईला मुद्दाम सांगायला आली. ताई "छान झालं" म्हणाली आणि तिला उगाच रडू आलं.

आई आता ताईकडेच असायची, आतल्या खोलीत. बारकी गेल्यावर ती ताईला एका शब्दानं बोलली नव्हती. जेव म्हटलं की जेवायची, झोप म्हटलं की झोपायची. ताईनं घड्या घातलेले कपडे ती पुन्हा उलगडून स्वतःच्या पद्धतीनं घालायची, तेवढंच.

मग ताईला स्वतःलाच मध्येच अंगावरून गेलं. वयही पाळी जायचंच होतं. तरी तिनं धीर धरला नाही. या वेळी तिनं कुणाला विचारलं नाही, दुसऱ्याच दिवशी त्याच इस्पितळात गेली. त्याच डॉक्टरीणबाईंनी तपासलं, तुकडा घेतला. आठवड्यानं बोलावलं. "काही नाही," त्या म्हणाल्या. "अगदी स्वच्छ आहे. पाळी जाताना होतं असं." ताई त्याच कॉरिडॉरमधल्या बाकावर जाऊन बसली. जिवात जीव आला होता, आणि तो आला याचीच तिला एवढी शरम वाटली की उठवेना. एक सफाईवाली येऊन तिच्या पायांभोवतीची फरशी पुसून गेली, तरी ती बसूनच होती.

घरी आली तेव्हा आई खिडकीशी होती.

"कुठे गेली होतीस?"

ताईनं सांगितलं. सगळं सांगितलं, काही निघालं नाही हेही.

आईनं तिच्याकडे पाहिलं. बऱ्याच महिन्यांनी असं सरळ पाहिलं. "स्वतःला बरं वेळेवर नेलंस," ती म्हणाली.

ताई उभीच राहिली. आईनं तोंड फिरवलं, खिडकीवरचं वाळलेलं फडकं काढलं आणि त्याच्या घड्या घालायला लागली. पुढच्या खोलीत पडदा हलला. कुणीतरी विचारत होतं, ताई आहेत का, केस कापायचे होते. ताईनं तोंडावर पाणी मारलं आणि बाहेर गेली.